कनकेश्वर दिसला

गणपती जाऊन दोन दिवस झाले होते. मखर माळ्यावर चढलं होतं, निर्माल्य खाडीत सोडून झालं होतं आणि घर एकदम मोकळं मोकळं वाटत होतं. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सुपावरची नजर न काढताच म्हणाली, "माझगावची ती बाग मला एकदा बघायचीय."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. आई बहात्तर वर्षांची. मुंबईला ती आयुष्यात सहा-सात वेळा गेली असेल, तीही कुणाच्या लग्नाला नाहीतर दवाखान्यात. बाबांनी माझगावच्या गोदीत तीस वर्षं वेल्डिंग केलं. त्या तीस वर्षांत त्यांची खोली तिनं एकदाच पाहिली होती, बाग कधीच नाही. बाबांना जाऊनही आता काही वर्षं झाली. तरी बाग आमच्या घरात होतीच. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात होती.

त्या डब्यात बाबांची पोस्टकार्डं आहेत. मी मोजली आहेत, एकशे तेरा. जवळपास सगळी पावसाळ्यातली. एरवी बाबा शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. पावसात वारा सुटला की लाँचचा भरवसा नसायचा, आणि मग कार्ड यायचं. वर 'श्री', खाली तारीख, आणि मजकूर जेमतेम चार ओळींचा. बाबांचं अक्षर मोठं होतं, कार्ड लगेच भरायचं. एक कार्ड मला पाठ आहे: "आज बागेत गेलो होतो. कनकेश्वर दिसला. म्हणजे तिकडे उघडीप असणार. लावणी आटपून घ्या." दुसरं त्याच महिन्यातलं: "आठ दिवस डोंगर दिसला नाही. अवसेचं उधाण आहे. बाहेरकाठ्याला खांड जाणार नाही ना ते बघ."

आमची शेती खारातली. समुद्र आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध, तोच बाहेरकाठा. उधाणाच्या भरतीला तो कुठं फुटला, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायला नको. बाबा मुंबईत आगीच्या ठिणग्यांपुढं बसलेले आणि जीव इकडं त्या बांधात अडकलेला. कनकेश्वर हा आमच्या पाठीमागचा डोंगर. वर महादेवाचं देऊळ आहे, चढायला सातशेच्या वर पायऱ्या आहेत. आम्हाला तो रोज दिसतो, म्हणून आम्ही त्याच्याकडे कधी नीट बघत नाही. बाबांना तो माझगावच्या बागेतून दिसायचा, आणि ते बघायचे.

"कुठं उभं राहून बघायचे ते, तेवढंच बघायचं," आई म्हणाली.

भरतीची वेळ धरून आम्ही रेवसहून निघालो. ओहोटीला तिथं गाळ उघडा पडतो, म्हणून पहिल्यांदा पाणी बघायचं आणि मग घड्याळ. पाऊस रात्रीच थांबला होता आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. लाँचमध्ये भाजीचे हारे, दुधाच्या किटल्या, कॉलेजची मुलं, आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसलेल्या बाया. धरमतरच्या खाडीचं तोंड सोडलं, करंजा मागं पडलं, आणि पाण्याचा रंग मातकट होता तो हिरवट झाला. काशाच्या खडकाचा टापू आला तसे आईनं हात जोडले.

आमच्याकडची जुनी माणसं तिथं हात जोडतात. १७ जुलै १९४७, आषाढातली अवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास आगबोट रेवसला यायची होती. काशाच्या खडकाजवळ ती वादळात कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी निघालेली गिरणीतली, गोदीतली माणसं होती ती. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. मासळी घेऊन मुंबईकडं निघालेल्या आमच्या बाजूच्या कोळ्यांनी पोहणाऱ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतलं, त्यांना जागा करायला मासळी पाण्यात ओतून दिली, असं इकडं अजून सांगतात. माझ्या आजीच्या माहेरचे दोघे त्या बोटीत होते. ह्या पाण्यावरून कामाला जाणं म्हणजे काय, ते आमच्या घरांना त्या दिवसापासून ठाऊक आहे. बाबांच्या कार्डांत वारा, उधाण आणि डोंगर सोडून दुसरं काही फारसं का नसायचं, हे मला लहानपणी कळत नव्हतं.

भाऊच्या धक्क्यावर मासळीची गर्दी उसळली होती. पावसाळी बंदी उठून दीड-दोन महिने झाले होते. बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता, कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन वाट काढत होत्या. हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांच्या नावाचा, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधला तो मूळ धक्का, आजचा त्यानंतरचा, पण नाव तेच चालत आलं. आमच्या बाजूच्या कुणाला विचारा, मुंबई कुठून सुरू होते? व्हीटीहून नाही, भाऊच्या धक्क्यावरून.

तिथून डॉकयार्ड रोड स्टेशन जवळच. टॅक्सीनं पायथ्याशी उतरलो आणि चढ लागला. आईचे गुडघे दुखतात, ती दर आठ-दहा पायऱ्यांवर थांबे. तिला म्हटलं, टॅक्सी वरपर्यंत गेली असती का विचारू या होतं. तर म्हणाली, "ते काय टॅक्सीनं जायचे होय?"

बाग लहान आहे, दीड एकराच्या आसपास. नाव जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, पण सगळे माझगावची बागच म्हणतात. टेकडी भंडारवाड्याची. सपाट हिरवळ, कडेनं चालायची वाट, बाकं, कठडा, आणि कठड्यापलीकडे एकदम खाली गोदी आणि त्यापुढं सगळं बंदर. समुद्रसपाटीपासून बत्तीस मीटर फक्त. पण मुंबईच्या पूर्वेच्या काठावर इतकी उंची मिळाली की पुरते. मलबार हिलवरून अरबी समुद्र बघायला सगळं जग जातं. इथून दिसतं ते काम करणारं पाणी, आणि मला विचाराल तर मुंबई समजायची असेल तर ते आधी बघावं.

ह्या टेकडीवर पूर्वी इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, हा किल्ला त्यानं घेतला आणि वर्षभर मुंबईला वेढा घालून बसला. १६९० च्या जूनमध्ये तो गेला तेव्हा इथं किल्ला म्हणावा असं काही उरलं नव्हतं. त्याच सिद्दीनं आमच्या अष्टागराला, म्हणजे अलिबागकडच्या किनारपट्टीला, पिढ्यान्‌पिढ्या छळलं होतं, त्याची गलबतं ह्याच पाण्यातून ये-जा करत. पुढं १८८४ साली टेकडीवर पाण्याची टाकी बांधली. ती टाकी म्हणजेच ही बाग, हिरवळ टाकीच्या डोक्यावर आहे.

आईला हे सांगितलं तशी ती थांबली. "म्हणजे ह्याच्या खाली पाणी आहे?"

"हो. शहराला जातं ते."

तिनं चपला काढल्या. ओल्या गवतावर दोन पावलं टाकली आणि थोडी उभी राहिली, विहिरीच्या काठावर उभं राहावं तशी. तळव्याला काही लागतंय का बघत असावी. मग चपला हातातच धरून चालू लागली.

काका बाप्टिस्टांचं नाव ह्या बागेला असणं मला फार योग्य वाटतं. त्यांचा जन्म १८६४ चा, इथून चालत जाता येईल अशा म्हातारपाखाडीतला. पाखाडी हा शब्द वाचला की कोकणातल्या माणसाला आपल्या गावची दगडी पायवाट आठवते. मुंबईच्या मधोमध तोच शब्द नाव होऊन बसलाय, ह्याचं मला दर वेळी भरून येतं. बाप्टिस्टा ईस्ट इंडियन समाजातले, म्हणजे ह्याच बेटांवरचे मूळचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. पुण्यात शिकले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले, टिळकांचे जिवलग सहकारी झाले. १९१६ साली बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष बाप्टिस्टा होते. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी करणाऱ्यांत ते होते, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. गिरणीकामगारांसाठी, टपालवाल्यांसाठी उभा राहिलेला माणूस. त्यांच्या नावाच्या बाकावर माझे बाबा बसायचे, आणि घरी कार्ड पाठवायचे ते टपालवालाच आणून द्यायचा.

बाबा इथं का यायचे हे मला खूप उशिरा कळलं. वारं खायला येत असतील असं वाटायचं. खरं कारण खोली होतं. आमच्या गावाची माझगावात एक खोली होती, गावकीची. दहा बाय बारा. त्यात चौदा माणसं. म्हणजे चौदा ट्रंका, भिंतीला चौदा खुंट्या, आणि झोपायला जागा सहा-सात जणांना. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या गरम वळकटीवर रात्रपाळीचा येऊन पडायचा. जेवण खाणावळीत. खोली फक्त पाठ टेकायला. जागेपणी तिथं बसायचं नाही, कारण कुणीतरी झोपलेलं असतं, असा अलिखित नियम होता. मग पाच वाजता गोदीचा भोंगा झाला की माणसानं जायचं कुठं? आमच्या घरांना ओटी असते. येणारा-जाणारा टेकतो, दोन शब्द बोलतो, पान लावतो, नुसताच बाहेर बघत बसतो. ओटी नसलेलं घर आमच्याकडं कुणी घर मानत नाही. खोलीला ओटी नव्हती, म्हणून ही बाग त्या चौदा जणांची ओटी झाली. इथंच गावची पत्रं मोठ्यानं वाचली जायची, गणपतीची वर्गणी ठरायची, कुणाच्या मुलीला स्थळ आलं तर मुलाची चौकशी व्हायची. बाबांच्या अंगातल्या सदऱ्याला ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं असायची, टाचणीनं टोचल्यासारखी. कामाचा सदरा वेगळा होता, तरी ठिणगी कॉलरमधून आत जायचीच. आई रविवारी तो उजेडात धरून भोकं मोजायची. काही बोलायची नाही, पण मोजायची.

सार्वजनिक बाग म्हटलं की आपण फुलझाडं, कारंजी, फोटो काढायच्या जागा मोजतो. मला वाटतं, बागेत बाकं किती आहेत आणि संध्याकाळी त्यावर कोण बसतं, हे आधी मोजावं. त्या दिवशीही एका बाकावर गोदीतलीच वाटणारी दोन पोरं डबा उघडून बसली होती, बोलणं भोजपुरी होतं. एक जण फोनवर कुणाला तरी समोरची जहाजं दाखवत होता, हात पुढं लांबवून, हळूहळू फिरवत. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

कठड्याशी आलो. खाली गोदीत क्रेनांची गर्दी, राखाडी रंगाच्या युद्धनौका, कुठं निळसर ठिणग्या. इथं पहिली छोटी सुकी गोदी १७७४ मध्ये बांधली गेली. सरकारनं १९६० मध्ये माझगाव डॉक ताब्यात घेतलं, त्यानंतर नौदलाची जहाजं इथं घडू लागली. बाबांच्या हातची म्हणून आमच्या घरात जिचं नाव घेतलं जायचं ती गोदावरी. भारतात आराखडा झालेली फ्रिगेट जातीची युद्धनौका, नौदलात दाखल झाली डिसेंबर १९८३ मध्ये. पुढं गंगा, मग गोमती. नद्यांची नावं. बाबा घरी येऊन सांगायचे, "गोदावरी गेली," तेव्हा आजी विचारायची, "कुणाची?" तिला वाटायचं गावातली कुणी मुलगी सासरी गेली. गोदावरी निवृत्त झाली डिसेंबर २०१५ मध्ये. बाबांनी पेपरातलं ते कात्रण कापून घेतलं, दोन घड्या घातल्या आणि कार्डांच्या डब्यात ठेवलं. बत्तीस वर्षं चालली, म्हणाले. त्यांना ते पुरेसं वाटलं असावं, आवाजात तसं होतं.

दक्षिणेकडं जुन्या डॉकांची रांग. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. पोटात कापसाचे गठ्ठे आणि त्याच्यालगत चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकानं नोंदवला. आग विझवायला गेलेले सहासष्ट जवान परत आले नाहीत, त्यांच्यासाठी आजही देशभर चौदा एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. माझी आजी तेव्हा लहान होती, पलीकडच्या काठावर. ती सांगायची, फळीवरची भांडी वाजली आणि संध्याकाळी आकाश तिकडून लाल झालं. ती डॉकं आता बुजवली आहेत. वरून बघताना तिथं पाणी होतं हे कळणारही नाही.

उत्तरेला शिवडीकडून निघालेला अटल सेतू पाण्यावर लांबच लांब पसरलेला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, जवळजवळ बावीस किलोमीटर. समोर जवाहर द्वीप आणि त्याला लागलेले तेलाचे टँकर, मागं घारापुरीचे दोन उंचवटे, त्यांच्यामागं न्हावाशेव्याच्या क्रेना. आईला मी एकेक दाखवत होते. ती हो हो म्हणत होती, पण डोळे उजवीकडंच होते.

"तो?" तिनं बोट केलं.

"तो नाही. तो द्रोणागिरी, उरणचा. अजून उजवीकडं बघ."

दक्षिणेकडं ढगांची एक पट्टी उतरली होती. तिच्याखाली डोंगरांची अंधूक निळी रेघ, अर्धी दिसणारी, अर्धी नाही. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. कठडा दोन्ही हातांनी धरला. मी गप्प राहिले. ढग सरकत होते, पण फार सावकाश. गोदीत कुठंतरी लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज झाला आणि आई दचकली नाही.

मग एका जागी ढग विरळ झाला. आधी खांदा दिसला, मग माथा, आणि तो उतार जो मी शाळेत जाताना दहा वर्षं पाहिला होता. पण इथून तो उलटा नव्हता तरी ओळखू येईना. आपण त्याच्या पायथ्याशी राहतो, तेव्हा तो वर असतो. इथून तो पाण्यावर ठेवलेला होता, मुठीएवढा. त्याच्या अलीकडं, पाण्याच्या अगदी कडेला, एक बारीक गडद काठ. त्या काठात कुठंतरी आमचा बाहेरकाठा, आमची खाजणं, आमचं घर.

"एवढासा?" आई म्हणाली.

"एवढासाच."

"आणि ह्यावरून ते सांगायचे लावणी कर म्हणून." तिनं मान हलवली. "मी त्यांच्या कार्डावर कधी लावणी केली नाही. कार्ड यायचं चार दिवसांनी. तोवर पाऊस बदललेला असायचा. पण त्यांना कळवायचे, तुम्ही लिहिलंत तशीच केली."

हे मला ठाऊक नव्हतं. एकशे तेरा कार्डं मी वाचली होती, पण तिची उत्तरं त्या खोलीतल्या ट्रंकेत राहिली आणि ट्रंकेबरोबर कुठं गेली कोण जाणे.

आम्ही तासभर बसलो. आईनं बरोबर आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली. शेजारच्या बाकावरच्या पोरांना तिनं विचारलं, खाता का. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतली. एकानं विचारलं, कुठून आलात? आईनं डोंगराकडं बोट केलं. तोवर तो ढगात परत गेला होता, तरी त्यांनी तिकडं बघून मान डोलावली.

दुपारच्या लाँचला परत निघालो. वारा थोडा वाढला होता, लाँच हलत होती. बाया पुढं तोंड करून बसल्या होत्या, आई मागं तोंड करून बसली. तिला माझगावची टेकडी शोधायची होती. पण पाण्यावरून ती सापडेना. मागचे मनोरे इतके उंच आहेत की बत्तीस मीटरचा उंचवटा त्यांच्या पायातच जातो. मी तिला खुणा सांगत होते. गोदीच्या क्रेना बघ, त्यांच्या मागं पिवळट इमारत, तिच्या डावीकडं झाडांचा एक पुंजका. ती बघत होती. काशाचा खडक आला तेव्हा तिनं मागं बघतच हात जोडले.

करंजाजवळ आल्यावर विचारलं, "दिसतेय का अजून?"

"थांब," ती म्हणाली. "बोलू नको. आत्ता होती."